मास्कमागचं बोलणं

जबाब देणार : गल्लीत टेलरबाई म्हणून ओळख, वय ५८, धंदा शिलाईकाम, राहणार दिराच्या घरावरचा मजला.

समक्ष हजर राहून सांगते की, मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. प्रश्न कागदावर लिहून विचारले, उत्तरं मी तोंडी दिली.

माझे पती मागच्या वर्षी वारले. शेवटच्या आजारात त्यांनी दिराकडून एक व्हिडिओ काढून घेतला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे ओठ वाचता येत नाहीत. काय बोलले विचारलं, तर दिराने लिहून दिलं, "वहिनी, तब्येतीला जपा म्हणाला." माणूस एवढा वेळ हातवारे करतोय आणि एवढंच? मी काय दूधखुळी आहे?

मी कॉम्प्युटरवर सिनेमे खालची अक्षरं वाचून बघते. त्यासाठी एक ॲप आहे. फाइल दाखवली की ते सबटायटल शोधून आणतं. आज दुपारी पतींचा व्हिडिओ त्यात घातला. लगेच अक्षरं आली : "भावाने मला विष दिलंय. त्याला सोडू नकोस." माझं डोकं फिरलं. कापड मोजायचा लाकडी गज घेऊन खाली गेले आणि दिराच्या कपाळात घातला. त्याने हात उगारला नाही. पाप अंगाशी आलं म्हणून गप्प बसलाय हलकट, असं मला वाटलं. कॉलर धरून त्याला इथे पोलीस चौकीत मीच आणलं.

शिपाईबाईंनी लिहून दाखवलं की, ॲप आवाज ऐकत नाही, फाइलचं नाव बघून शोधतं. दिराने फाइलला दिलेलं नाव एका सिनेमाचंही होतं, अक्षरं त्याची. मग त्यांनी हेडफोन लावून पतींचं बोलणं टाइप केलं. मधेच थांबल्या. मी म्हटलं, एक शब्द गाळाल तर याद राखा.

पती म्हणाले ते असं : "हिच्या मशीनच्या खडखडाटाने जन्मात दुपारची झोप मिळाली नाही. बहिरीपुढे ओरडून घसा फुटला. मी गेलो की हिला बाहेर काढ, जागा तू घे. हिला काय कळतंय!" दीर म्हणतो, "दादा, असं बोलू नकोस रे." पुढे पतींच्या नुसत्या शिव्या.

त्या जागेत मी अजून राहते. दिराने कधी ब्र काढला नाही. गेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी दिल्या, त्या इथे नोंदवलेल्या नाहीत.

दिराविरुद्ध माझी तक्रार नाही. पतीविरुद्ध आहे. ती घेता येत नाही, असं मला लिहून कळवण्यात आलं.

हा जबाब मला वाचून दाखवून उपयोग नव्हता, म्हणून मी स्वतः वाचला. एखादं वाक्य चुकलेलं निघावं म्हणून पुन्हा वाचला. सगळा बरोबर आहे.