मिटलेली मूठ

दुपारपर्यंत माझं मौन असतं. त्यामुळे दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या नणंद-भावजयींचं बोलणं मी नुसतं ऐकत बसले.

“मनाची गोळी एकदम बंद केलीस? कुणाला विचारून?”

“हळू बोला ना, वन्सं. बरं वाटत होतं मला.”

“अगं, ते गोळीनंच! आता डोकं गरगरतंय. काल जिन्यात पडता पडता वाचलीस.”

“हे गेल्यापासून झोप नुसती कोरी लागायची. गोळी सोडली, आणि हे स्वप्नात यायला लागले.”

“माझा भाऊ?”

“रोज. धुक्यातून आल्यासारखे येतात, उशाशी उभे राहतात.”

“काही बोलतो?”

“जन्मात कधी बोलले? पाण्याचा पेला तेवढा पुढे करतात.”

“आणि दुसरा हात?”

“मूठ मिटलेली असते.”

“तुझी गोळी रोज तोच द्यायचा ना?”

“हो. मी विसरायचे म्हणून.”

“मग आता कशाला येत असेल तो?”

“...गोळी पुन्हा सुरू झाली, की यायचे थांबतील हो, वन्सं.”

“डॉक्टरांना सगळं सांगू. कमी करायची तर ते हळूहळू करतील.”

“स्वप्नाचंही सांगायचं?”

“ते आधी.”