पितळी चावी कोणाच्या हातून कोणाच्या हाती

नाव : पाणीपुरवठ्यात सगळे अप्पा म्हणतात, तेच लिहावे. वय : त्र्याहत्तर. धंदा : सेवानिवृत्त मुख्य अभियंता. राहणार : जलशुद्धीकरण केंद्रामागची गल्ली, शेवटचे घर.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी व मुलीसह राहतो. मुलगी याच केंद्रात अभियंता आहे. मी निवृत्त झाल्यापासून मुख्य अभियंत्याचे काम प्रभारी म्हणून तीच पाहत आली आहे.

केंद्रात मुख्य जलवाहिनीच्या व्हॉल्व्हची हातभर लांब पितळी चावी आहे. हल्ली व्हॉल्व्ह बटणावर उघडतो. तरी जाणारा मुख्य अभियंता ती चावी येणाऱ्याच्या हातात देतो, आणि त्या दिवशी नवा माणूस व्हॉल्व्ह हाताने उघडतो, अशी रीत आहे. मला ती मिळाली तेव्हा पहाट होती. पाण्याचा आवाज आधी लांबून आला, मग पायाखालून गेला. हवालदार म्हणतात, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा.

माझ्यानंतर पद भरलेच नाही, म्हणून चावी मुख्य अभियंत्याच्या खोलीत काचेच्या कपाटात राहिली. मुलगी कायम झाली की स्वतः जाऊन तिच्या हातात द्यायची, असे मी धरून चाललो होतो. पद भरले तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने परदेशातून साहेब आणले. साहेब ज्या विद्यापीठात शिकले, तिथलीच पदवी मुलीकडे आहे, पहिल्या वर्गातली. मंडळ म्हणाले, बाहेरचा अनुभव हवा. केंद्रातला फिटर मला म्हणाला, "अप्पा, पिकतं तिथं विकत नाही. ताई परत आल्या तिथंच चुकलं. तिकडे राहिल्या असत्या तर आज यांनीच तिकीट पाठवून बोलावलं असतं."

साहेबांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांना नदीकाठचा बंगला दिला आहे. त्याच बंगल्यासाठी अर्ज करता करता मी निवृत्त झालो. काम समजून घ्यायला ते दोन महिने मुलीबरोबर फिरले. एका रविवारी ती त्यांना घरी चहाला घेऊन आली. साहेबांनी आपला कप आपण विसळला. पत्नी मला म्हणाली, "बघा, शिका काहीतरी." नंतर साहेबांनी चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हटली. दगड आडवा आला तर नदी भांडत नाही, वळसा घालते, ते कडवे. मुलीने शिकवले होते. उच्चार चुकत होते. दोघींनी टाळ्या वाजवल्या. ती कविता मुलीला मी सायकलच्या दांडीवर बसवून शिकवली आहे. मी म्हणू लागलो की पत्नी म्हणते, "पुरे, दूध उतू जाईल."

साहेबांनी सूत्रे घेण्याच्या आदल्या दुपारी मी केंद्रात गेलो. मला कोणी अडवत नाही. दारावर साहेबांच्या नावाची पाटी लागली होती. मुलीच्या वेळी पाटी केली नव्हती. कपाटाची किल्ली मुलीच्या टेबलाच्या खणात असते. मी चावी काढली व मिटलेल्या छत्रीत घालून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात चावी मिळाली नाही. कपाट मुलीच्या ताब्यात, म्हणून मंडळाने चोरीची तक्रार दिली व तिला निलंबनाची नोटीस काढली. हे मला पत्नीने सांगितले. मुलीने कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिले आणि ती आत गेली.

चावी मीच नेली. मुलीला ठाऊक नव्हते. चावी साहेबांच्या हातात मला बघवली नसती, याखेरीज कारण नाही.

आज ठाण्यात मुलगी व साहेब दोघेही आले. फौजदार म्हणाले, "आजोबा, चावी टेबलावर ठेवा, मी देतो त्यांना." मी म्हटले, टेबलावरून ती आजवर कोणाला मिळालेली नाही. मी ती मुलीच्या हातात दिली. ती म्हणाली, "बाबा, केवढी जड आहे." साहेब हात पुढे करून उभे होते. तिने लगेच दिली नाही. फौजदारांचा चहा येऊन निवेपर्यंत ती तिच्याच हातात होती. साहेबांनी हात मागे घेतला व थांबले. मग तिने दिली.

माझ्यानंतर मुलगी, मुलीनंतर साहेब, असा क्रम आहे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती व्हावी. क्रम बदलू नये.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. क्रमाच्या ओळीत मुलीच्या आधी हवालदारांनी 'प्रभारी' असे घातले होते. ते मी खोडायला लावले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.