कपाटातल्या कुबड्या

२०२३ सालची गोष्ट. डोंबिवलीच्या एका फिजिओथेरपी केंद्रात मी गुडघा शेकायला जायचे. एकदा शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

“विनिता, डॉक्टरांना सांग, मी बाथरूममध्ये घसरले म्हणून.”

“का? गुडघ्यातल्या कार्टिलेजचं ऑपरेशन झालेलं, सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. बघायला येणार म्हणून तूच कुबड्या कपाटात लपवल्यास!”

“मुलाकडचे काय म्हणाले असते?”

“आणि पोह्यांचा ट्रे देऊन मला चालवलंस, तेव्हाच गुडघा पुन्हा दुखावला!”

“नऊच पावलं गं. आमच्या वेळी तर मुद्दाम चालून दाखवायला लावायचे.”

“पावलंही मोजलीस? मग आत येऊन तूच सांग.”

आईने सांगितलं. पुढचं मला नंतर विनिताकडूनच कळलं. विनिताचं ऑपरेशन पुन्हा झालं, त्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं. पुढच्या स्थळाला दार विनितानेच उघडलं, कुबड्यांवर. पोहे आईने आणले.