सुलक्षणाबाईंचे सोमवार

मंडळी, घटकाभर डोळे मिटा, ज्याचं त्याचं नाम घ्या... हं. उघडा आता. आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाला लाज कशाची वाटते—आणि वाटायला कशाची पाहिजे?

घाई नको! विचार करा. फाटक्या सदऱ्याची लाज वाटते. टकलाची वाटते. सुटलेल्या पोटाची वाटते—फोटो काढताना कसा श्वास ओढून धरता, मला ठाऊक आहे! पण खोटं बोललो, त्याची वाटते? छे! खोटं उघडं पडलं, तर वाटते. नाही पडलं, तर आपण हुशार! होय की नाही?

तर ऐका.

गाव आपल्याच बाजूचं. तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला सुलक्षणाबाई. वय चव्वेचाळीस. गळा गोड, जीभ तल्लख. कविता शिकवायला उभ्या राहिल्या की मागच्या बाकावरची मस्तवाल पोरंसुद्धा गप्प! पण अंगानं... भारदस्त. पोरं मागून 'गजलक्ष्मी' म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. बाई स्वतःच म्हणायच्या, "सरका रे, ट्रक आला!" अन् आधी स्वतःच हसायच्या. जाड माणूस स्वतःवर आधी का हसतो, सांगू? दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घेतलं, की घाव जरा कमी लागतो!

श्रावणी सोमवार होता. गावाबाहेर महादेवाचं जुनं देऊळ. गाभाऱ्याचं दार एवढंसं—वाकून, अंग चोरून आत जायचं. एरवी बाई बाहेरूनच हात जोडायच्या. त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, निघाल्या आत. एक खांदा गेला. दुसरा गेला. अन् बाई अडकल्या! पुढं जाता येईना, मागं येता येईना. हातातलं बेलाचं तबक खाली पडलं. आतून पुजारी म्हणाला, "बाई, देव बाहेरूनही दिसतो हो!"

हसलात? हसा, हसा. पखवाजवाले दादा, तुम्हीही हसलात. रांगेतल्या बायकाही अशाच हसल्या. पण त्या दारात चेहरा देवाकडं अन् पाठ जगाकडं करून उभ्या राहिलेल्या त्या बाईला कसं वाटलं असेल? तिला वाटलं, हे दार मिटून यावं अन् आपण त्यात चिणून जावं.

एक जण मात्र नाही हसली. इंदूताई. बाईंच्या शेजारीण, पन्नाशीच्या विधवा. पोळीभाजीचे डबे करून पोट भरायच्या. स्वतःही जाडच, वर साखरेचा आजार. रांग मोडून पुढं आल्या अन् कडाडल्या, "सरका गं! तमाशा आहे का इथं?" बाईंच्या कमरेला धरून हळूच मागं ओढलं, खरचटलेल्या दंडावर स्वतःचा पदर टाकला अन् घरी नेलं. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. मंडळी, काही वेळा न बोलणं हीच मोठी दया असते.

बाईंचे यजमान राजाराम. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. साधा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवता जेवता म्हणाले, "तुला सांगितलं नव्हतं. झोपेत तुझा श्वास अडतो गं. मी हलवतो, मग तू परत घेतेस. एखाद्या दिवशी मला डोळा लागला तर?" बाईंचा घास हातातच राहिला.

गेले दोघं शहरात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन आधी कधी उतरवलंत?"

"पुष्कळदा. भात सोडला, साखर सोडली, पहाटे चालले."

"आणि?"

"परत आलं. दामदुपटीनं."

"मग तुम्ही आळशी नाही, बाई. हा आजार आहे, आणि तो हट्टी आहे." त्यांनी कागदावर जठराचं चित्र काढलं, मधून रेघ ओढली. "दुर्बिणीतून एवढा भाग काढून टाकतो. उरतं केळ्याएवढं. पण ही जादू नाही हं! थोडं खावं लागेल, चावून खावं लागेल, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. धोकाही असतो. विचार करून सांगा."

बाईंनी विचार केला. श्वास अडण्याचा केला, गुडघ्यांचा केला, अन् खरं सांगायचं तर त्या दाराचाही केला. हो म्हणाल्या. पण परतताना गाडीत राजारामांना म्हणाल्या, "गावात पित्ताशयातले खडे सांगायचं."

"का? आजाराची कसली लाज?"

"तुम्हाला नाही कळायचं. लोक म्हणतील, हिला तोंड आवरेना म्हणून पोट कापून घेतलं!"

झालं ऑपरेशन. शुद्ध आली तेव्हा पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता—पोटात भरलेल्या हवेनं दुखतो म्हणे. सिस्टरनं त्याच दिवशी धरून चालवलं. औषधाच्या टोपणातून पाणी, घोट घोट. घरी आल्यावर नुसती पेजेची निवळ, डाळीचं पाणी. अन् ते पाणी आणायचं कोण? इंदूताई! डब्यांच्या धबडग्यातून वेळ काढून फडक्यातून डाळ गाळून आणायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, "खड्यांच्या ऑपरेशनला एवढं पथ्य असतं होय गं?"

"असतं, ताई."

डोळ्यांत बघून सांगितलं. इंदूताईंनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? शाळेतल्या बाई होत्या त्या!

पुढं एकदा मोह झाला. भाकरीचा तुकडा घाईनं गिळला अन् छातीत अडकला. घाम फुटला, उलटी झाली. मोरीत बसून बाई रडल्या, "काय करून बसले मी हे!" केस मूठमूठ गळले, दंडाची कातडी लोंबू लागली. पण हळूहळू अन्न सोसू लागलं. रक्तदाबाची गोळी सुटली. अन् राजाराम—बिचारे रात्रभर घोरू लागले! जागं राहायचं कारणच उरलं नाही ना!

वर्ष फिरलं. पुन्हा श्रावण. बाई त्या दारातून अलगद आत गेल्या. पुजाऱ्याचे डोळे विस्फारले. "बाई! केलंत तरी काय?"

बायका गोळा झाल्या. ज्या हसल्या होत्या, त्याच! सगळ्या तोंडाकडं बघतायत. खरं ओठावर आलं होतं, मंडळी... अन् बाई म्हणाल्या, "काही नाही हो. सोमवार धरले. त्यानं ऐकलं."

अहो, सोमवार तर त्या विशीपासून धरत होत्या!

पण एकदा शब्द सुटला, की तो आपल्या मागं नाही, पुढं चालतो. गावभर झालं—बाईंचे सोमवार! देवळात शाल घातली त्यांना. उपासाचा महिमा सांगायला उभं केलं. काय बोलल्या! गळा गोड होताच. टाळ्या पडल्या. घरी येऊन शाल ट्रंकेच्या तळाशी ठेवली. वर जुन्या साड्या रचल्या. उद्या सांगू, म्हणायच्या. तो उद्या तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरी असतो—कधी उजाडत नाही!

इंदूताईंनीही सोमवार धरले. पाण्याचा थेंबही नाही. मग गुरुवार. मग शनिवार. अन् साखर उतरवायच्या गोळ्या? त्या चालूच, रिकाम्या पोटी! कुणाला विचारलं नाही. बाईंनी एकदा त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला. म्हणाल्या, "ताई, जपून हं." एवढंच! सगळं ठाऊक असताना—जपून हं!

एका सकाळी पोळ्या लाटता लाटता इंदूताई कोसळल्या. कोपर तव्यावर पडलं. उचलून दवाखान्यात नेलं. साखर पार तळाला गेली होती. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता, तर हाती लागल्या नसत्या.

बाई धावत गेल्या. इंदूताईंनी डोळे उघडले, ओळखलं, अन् हसायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, "तुझ्यासारखं नाही जमलं गं मला. माझीच श्रद्धा कमी पडली."

पखवाज थांबवा, दादा. पेटीही थांबवा. हे वाक्य नुसतं ऐकू दे.

"माझीच श्रद्धा कमी पडली."

त्या दारात अडकल्यावर बाईंना जी लाज वाटली होती, ती या लाजेपुढं काहीच नव्हती. तेव्हा अंग अडकलं होतं. आता जीव अडकला. त्यांनी पदर बाजूला केला, पोटावरचे बारीक वण दाखवले. "ताई, खडे नव्हते. उपासानंही नाही. मी पोट कापून घेतलं. खोटं बोलले."

इंदूताई वणांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती डाळ मी..."

"हो."

"जगाला नाही सांगितलंस, ते समजते मी. पण मला? मलाही नाही?"

अन् त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुढच्या सोमवारी आरती झाल्यावर बाई देवळाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. ऑपरेशन, खोटं, इंदूताई—काही झाकलं नाही. एक जण म्हणाली, "मग शाल परत आणा की!" दुसरी म्हणाली, "कापून काय, कुणीही बारीक होईल!" पुजारी समई पुसत राहिला. बाई तशाच घरी गेल्या. शाल आणून दिली अन् एकेकीला हात जोडून सांगितलं, "साखरेच्या गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका." बास. एवढंच मागणं.

इंदूताईंचं दार बंदच राहिलं. बाई डबा पाठवायच्या, तो तसाच परत यायचा. तुम्हाला वाटेल, खरं बोलली ना, मग माफी मिळायला नको? अहो, खरं बोलणं म्हणजे दुकानात नाणं टाकणं नव्हे, की लगेच माल हातात!

दिवाळी उलटली. एका सकाळी कडी वाजली. दारात इंदूताई. कोपरावर भाजल्याचा डाग तसाच. "तुझ्या त्या डॉक्टरीणबाई... कापायचं नसलं तरी बघतात का माणसाला?"

"बघतात, ताई."

"येशील सोबत?"

"येते की!"

"वाटेत बोलू नकोस माझ्याशी. राग गेला नाही अजून."

"नाही बोलत."

अन् मंडळी, जिची जीभ कधी थांबली नाही, ती बाई शहर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. शेजारी बसून राहिली. इंदूताईंची पिशवी मांडीवर धरून.

आता माझ्या प्रश्नाकडं या. अंगाची लाज नको होती, तिथं बाईंना ती मरणाची वाटली. खोट्याची वाटायला हवी होती, तिथं ती उशिरा आली. चूक तिची! मी तिला सोडत नाही. पण तुम्हालाही सोडत नाही. आजार सांगितला तर हसणारं अन् चमत्कार सांगितला तर शाल घालणारं ते गाव—ते काय फक्त तिकडंच आहे? इथं कुणी नाही तसं? तुमच्या घरात एखादं माणूस असेल, ज्याच्या ताटाकडं तुम्ही रोज डोळे लावून बसता. त्याला कधी विचारलंत का, बाबा, तुला त्रास काय होतो? नाही ना?

मान खाली गेली. जाऊ दे. आज पहिल्यांदा ती योग्य कारणानं गेलीय. घरी जा, त्याला वाढा—अन् तो जेवत असताना दुसरीकडं बघा.