नोंदवही क्रमांक सात कुठे होती

पुरवणी जबाब. नाव व राहण्याचा पत्ता कालच्या फिर्यादीत आहे तोच. वय ५६ वर्षे. धंदा नोकरी, विद्यापीठाच्या विद्यार्थी नोंदणी विभागात कक्षाधिकारी.

मी आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो की, काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी या ठाण्यात फोन केला व नंतर लेखी फिर्याद दिली. आमची नोंदवही क्रमांक सात कपाटातून चोरीस गेली असून माझा संशय आमच्याच विभागातील वरिष्ठ लिपिक बाईंवर आहे, असे मी त्यात म्हटले होते. त्या बाईंना सगळे विद्यापीठ कलमताई म्हणून ओळखते. काही विचारले की त्या आधी कलम सांगतात, मग उत्तर देतात. मीही त्यांना कलमताईच म्हणतो, म्हणून या जबाबात तसेच लिहावे.

कालच्या फिर्यादीवरून पोलिसांनी कलमताईंना ठाण्यात आणून सायंकाळी साडेसहापर्यंत बसवले व नोंदवही सील करून ताब्यात घेतली. कालच्या फिर्यादीत मी काही गोष्टी सांगितल्या नव्हत्या. त्या आज सांगत आहे.

हवालदारांना समजावे म्हणून नोंदवहीचे महत्त्व सांगतो. आमच्याकडे विद्यार्थ्याचा शैक्षणिक दर्जा तीन प्रकारचा असतो. समाधानकारक, सशर्त आणि खंडित. लागोपाठ दोन सत्रांत गुण कमी पडले की विद्यार्थी सशर्त होतो व त्याला आणखी एकच सत्र मिळते. इतरांची नोंदणी संगणकावर होते, सशर्त विद्यार्थ्याची होत नाही. शेवटच्या दिवशी चार वाजायच्या आत त्याने नोंदणी लिपिकासमक्ष, म्हणजे आमच्याकडे कलमताईंसमक्ष, नऊ अटी ऐकून घेऊन, नोंदवही क्रमांक सातमध्ये स्वतःच्या हाताने सही करायची असते. ती झाली नाही तर तो खंडित होतो आणि आधी उत्तीर्ण केलेली सत्रेही बुडतात. हा नियम कोणी केला असे मला विचारू नये. त्या समितीवर मी होतो.

शेवटचा दिवस काल होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास कार्यालयातला फोन वाजला, तो मी घेतला. एक सशर्त विद्यार्थिनी बोलत होती. ती क्रेन चालवते. आमच्या आवाराच्या टोकाला नव्या ग्रंथालयाची इमारत उभी राहत आहे, तिथली उंच क्रेन तिच्याकडे आहे. तिच्या जागी येणारा चालक आला नव्हता आणि खाली स्लॅब ओतायला घेतला होता. ती म्हणाली, "साहेब, मला वरून तुमची तीन नंबरची खिडकी दिसतेय, पण खाली उतरता येत नाहीये. काही करता येईल का?" मी म्हणालो, "चारच्या आत या. नाहीतर नाव कटेल." एवढे बोलून मी फोन ठेवला. ही गोष्ट मी काल फिर्यादीत सांगितली नाही.

कलमताई शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांनी विचारले, "कोण होतं?" मी नाव सांगितले. त्यांनी तिची फाइल काढून वाचली. नंतर नियमांचे पुस्तक काढून तेही वाचले. त्यांना ते तोंडपाठ आहे, तरी वाचले. मला काही म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही, कारण संगणक विभागाशी माझे फोनवर वाजले होते व माझे डोके ठिकाणावर नव्हते.

तीन वाजता मी कपाट उघडले तर नोंदवही जागेवर नव्हती. शिपाई म्हणाला, "ताई दोनलाच बाहेर गेल्यात, पाठीला पिशवी लावून." दोन वर्षांपूर्वी याच नोंदवहीचे एक पान कोणीतरी फाडले होते आणि त्याची चौकशी आठ महिने माझ्या मानगुटीवर बसली होती. त्यामुळे माझी पाचावर धारण बसली व मी सरळ पोलिसांना फोन लावला. परंतु भीती हे एकच कारण नव्हते. कलमताई माझ्या टिपणांतल्या चुका चारचौघांत दाखवतात, त्याचा राग माझ्या मनात बरीच वर्षे होता. संशयित म्हणून त्यांचे नाव सांगताना मला जड गेले नाही. उलट बरे वाटले.

काल सायंकाळी घरी गेल्यावर पत्नीला हकिगत सांगितली. ती हातातले काम टाकून माझ्यासमोर आली. म्हणाली, "अहो, त्या आणि चोर? चार वाजून दोन मिनिटं झाली म्हणून आपल्या भाचीचा फॉर्म त्यांनी परत पाठवला होता. तेव्हा आठ दिवस तुम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडत होतात!" मी म्हणालो, "नोंदवही नेली ती नेलीच ना?" ती म्हणाली, "कुठं नेली ते विचारलंत?" मी विचारले नव्हते. 

आज सकाळी आठ वाजता मी कार्यालयात गेलो. कुलसचिवांना अहवाल द्यायचा होता. कलमताईंविरुद्ध आणखी काही सापडते का, हे बघायला मी जावक फाइल उघडली. त्यात कालच्या तारखेची एक कार्यालयीन प्रत होती. मजकूर असा: "नोंदवही क्रमांक सात आज दुपारी दोन ते साडेचार या वेळेत, सशर्त विद्यार्थिनीच्या स्वाक्षरीसाठी, नोंदणी लिपिकाच्या ताब्यात कार्यालयाबाहेर नेण्यास परवानगी असावी. स्थळ: नवीन ग्रंथालयाची इमारत, क्रेन." खाली "परवानगी आहे" असा शिक्का व त्याखाली कक्षाधिकाऱ्याची सही. कक्षाधिकारी मीच आहे. काल पावणेदोन वाजता कलमताईंनी सहीचे फोल्डर माझ्यासमोर ठेवले होते. मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने अकरा कागदांवर सह्या केल्या होत्या. हा त्यांतला चौथा.

 ते वाचून मी तडक ग्रंथालयाच्या इमारतीच्या कामावर गेलो.

काल कामावर जे घडले त्यातले काही मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. ही ऐकीव माहिती आहे असे हवालदार म्हणाले. तरीही ती लिहून घ्यावी अशी मी विनंती केली व ती त्यांनी मान्य केली.

कामावरच्या मुकादमाने सांगितले की, काल दोन वाजून वीस मिनिटांनी एक पन्नाशीच्या बाई फाटकावर आल्या व म्हणाल्या, "मला क्रेनवर जायचंय. त्यासाठी काय काय भरावं लागतं?" मुकादम मला म्हणाला, "साहेब, पंधरा वर्षं या धंद्यात आहे. वर कसं जायचं ते विचारणारे भेटले, काय भरायचं ते विचारणारं पहिल्यांदा भेटलं." बाहेरच्या माणसाने वर जाण्याचा एक फॉर्म त्यांच्याकडे आहे, तो त्याला शोधून काढावा लागला. कलमताईंनी तो संपूर्ण वाचला आणि रक्तदाबाचा रकाना कोरा आहे हे त्याच्या लक्षात आणून दिले. मुकादम म्हणाला, "राहू द्या हो बाई." त्या म्हणाल्या, "रकाना आहे ना? मग भरा." प्रथमोपचारवाल्याला बोलावून त्यांचा रक्तदाब मोजला. एकशे तीस, चौऱ्याऐंशी. मुकादमाने सुचवले की वही क्रेनच्या हुकाला बांधून वर पाठवू, सही झाली की खाली घेऊ. त्यावर त्या म्हणाल्या, "नियमात लिपिकासमक्ष म्हटलंय, हुकासमक्ष नाही." नोंदवही साडेतीन किलोची आहे. ती त्यांनी पाठीला बांधली. अंगात सुरक्षेचा पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट घालून त्या शिडीने चढल्या. शिड्या नऊ आहेत. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, कार्यालयातल्या एका जिन्यालाही त्या कठड्याला धरून चढतात. प्रत्येक टप्प्यावर थांबत त्या पंधरा मिनिटांत वर पोहोचल्या. मी या ठाण्याला फोन करून त्यांना चोर ठरवत होतो तेव्हा त्या चालकाच्या खोलीबाहेर नुकत्याच पोहोचल्या होत्या.

क्रेनवाली विद्यार्थिनी सकाळच्या पाळीला येत होती, ती मला फाटकावर भेटली. तिच्यासोबत तिची शाळेत जाणारी मुलगी आईला सोडायला आली होती. मायलेकींच्या परीक्षा दर वर्षी एकाच आठवड्यात येतात, असे तिने सांगितले. तिची पदवी सहा वर्षे चालू आहे. क्रेनचे काम लागल्यावर पाळ्या बदलल्या व दोन सत्रांत गुण घसरले. ती म्हणाली, "मी वळून बघितलं तर खोलीबाहेरच्या लोखंडी जाळीवर ताई उभ्या. मला वाटलं, भास होतोय. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, आधी बादली खाली टेकव, मग माझ्याकडे बघ. काँक्रीटची एक गाडी जाऊन दुसरी यायची होती, तेवढा वेळ मिळाला. मी पेन मागितलं, तर दिलं नाही. आधी ओळखपत्र बघितलं, त्यावरचा फोटो बघितला, हेल्मेट काढायला लावून मला बघितलं. मग नऊच्या नऊ अटी वाचल्या. वाऱ्यानं आवाज जात होता म्हणून पाचवी दोनदा वाचली."

पाचवी अट अशी आहे की, या सत्रात विद्यार्थ्याने दर महिन्याला आपली प्रगती नोंदणी विभागात येऊन दाखवावी. मी तिला विचारले, "ताई आणखी काही म्हणाल्या का?" ती म्हणाली, "सही झाल्यावर म्हणाल्या, दर महिन्याला तूच खाली यायचं. मी परत वर येणार नाही." असे सांगून ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मलाही भरून आले, पण मुकादम जवळ उभा होता.

तिच्या सहीपुढे कलमताईंनी नोंदवहीत वेळ लिहिली, असेही तिने सांगितले: तीन वाजून बावीस मिनिटे. त्या चार वाजून पाच मिनिटांनी कार्यालयात परत आल्या तेव्हा मी दारात दोन पोलिसांबरोबर उभा होतो. त्यांच्या साडीला सिमेंट लागले होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवून "ह्याच त्या," असे म्हटले.

आज नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी पुन्हा कार्यालयात गेलो. कलमताई रोजच्या वेळेवर तीन नंबरच्या खिडकीत येऊन बसल्या होत्या. पाय स्टुलावर ठेवला होता, एवढाच फरक. मी म्हणालो, "ताई, परवानगीचा मूळ कागद तुमच्याकडेच असणार. काल पोलिसांना का नाही दाखवलात?" त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारलं, वही तुम्ही नेली का? मी हो म्हटलं. परवानगी होती का विचारलं, तर म्हटलं, साहेबांना विचारा." मी म्हणालो, "अडीच तास बसलात तिथं!" त्या म्हणाल्या, "कागद दाखवला असता तर आमचे साहेब न वाचता सह्या करतात हे पोलिसांच्या दप्तरात गेलं असतं. घरातलं घरात राहिलेलं बरं. आणि मला कसली घाई होती? नोंद तर झालीच होती."

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. यादी बारा वाजता परीक्षा विभागात जायची आहे आणि वही सीलबंद आहे. चोरीला गेलेल्या वहीतली नोंद धरत नाहीत. आधी ठाण्यात जा." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. नोंदवही चोरीची ठरली तर तीन बावीसची नोंद रद्द होते व ती विद्यार्थिनी आज दुपारी बारा वाजता खंडित होते. मग त्या नऊ शिड्यांचा तिला काही उपयोग नाही.

हवालदारांनी मला विचारले की, नोंदवही परवानगीने नेली की परवानगीशिवाय? माझे उत्तर, परवानगीने. कागदाची प्रत सोबत जोडली आहे, सही माझी आहे. मग मी फिर्याद का दिली, असे त्यांनी विचारले. मी उत्तर द्यायच्या आत हवालदार चांगुलपणाने म्हणाले, "साहेब, परवानगी दिल्याचं विसरलो होतो, असं लिहू का? तुमच्या नोकरीवर यायला नको." मी म्हणालो, "नको. विसरायला आधी वाचावं लागतं. मी वाचलंच नव्हतं. तसंच लिहा." कलमताईंना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु घरातले घरात ठेवण्यासाठी त्या कालचे अडीच तास इथल्या बाकावर बसल्या, आणखी त्यांनी किती बसायचे?

तरी माझी फिर्याद चुकीची समजून निकाली काढावी. संशयित म्हणून कलमताईंचे नाव कागदोपत्री जिथे जिथे आले असेल तिथून ते कमी करावे. नोंदवहीचे सील काढून ती बाराच्या आत द्यावी. मी इथेच थांबतो. फिर्याद देण्यात जो दोष आहे तो सर्वस्वी माझा आहे, त्याची जी चौकशी होईल तिला मी तयार आहे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी नियम पुष्कळ लिहिले, पण नियम माणसासाठी कसा पाळतात हे मला कलमताईंनी दाखवले. हे वाक्य जबाबात बसत नाही असे हवालदार म्हणाले. माझ्या आग्रहावरून ठेवले आहे.

हवालदार हा जबाब मला वाचून दाखवणार होते. मी कागद मागून घेतले व सर्व पाने पहिल्या ओळीपासून स्वतः वाचली. तीन वाजून वीस मिनिटे असे पडले होते तिथे बावीस केले व बाजूला आद्याक्षरी केली. वाचायला अकरा मिनिटे लागली. मजकूर मी सांगितला तसाच आणि खरा आहे. वाचल्यानंतर सही केली.