पूर्ण एक मिनिट

— नाही नाही, छातीला नळी कशाला लावतेस, मनगट धर ना! कालची तुझी मैत्रीण, ती चष्मेवाली — तिनं मनगट धरलं, पंधरा सेकंद मोजलं, चारनं गुणलं, बहात्तर लिहिलं, गोळी दिली आणि गेली. दीड मिनिटात मी मोकळा, ती मोकळी. आणि तू? आल्यापासून कागद वाचतेस, गोळीचं पाकीट वाचतेस, माझ्या मनगटावरचा पट्टा वाचतेस — मी काय शिलालेख आहे? शिकाऊच आहेस ना अजून? वाटलंच. शिकून झालेल्यांना इतका वेळ नसतो. पण एक मानलं हं पोरी, नाव बरोबर विचारलंस. ‘सात नंबरचे आजोबा तुम्हीच ना’ असं नाही, ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणालीस. कारण ‘तुम्हीच ना’ म्हटलं की मी कशालाही हो म्हणतो. परवा एक जण आली, शेजारच्या सहा नंबरच्या सुताराचं नाव घेऊन — मी म्हटलं, हो, मीच. गोळी तोंडापर्यंत नेली आणि मग म्हटलं, मला दाढी नाही, त्याला आहे, एवढं तरी बघा. बिचारी पांढरीफटक पडली. नंतर मलाच वाईट वाटलं. रात्रभर वाटत राहिलं. मला वाईट वाटायला कारण लागत नाही म्हणा — मी दाराला कुलूप लावतो, चार पायऱ्या उतरतो, परत येऊन ओढून बघतो, परत उतरतो आणि मग विचार करतो की ओढताना उघडलं तर नसेल?

हसतेस काय? हास. पण नळी बाजूला ठेवून हास.

आमची ही हसत नाही. ही म्हणजे माझी बायको — नर्स होती, मोठी सिस्टर. आता निवृत्त आहे, पण नर्स कधी निवृत्त होते होय? घरातल्या चादरींचे कोपरे अजून काटकोनात दुमडते. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा तिची औषधशास्त्राची परीक्षा आली. मी तर्कशास्त्र शिकवणारा, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज संध्याकाळी ती मटार सोलायची आणि मी पुस्तक उघडून प्रश्न विचारायचो. मटार निम्मे मीच खायचो. डिजॉक्सिन, म्हणजे हीच माझी आताची हृदयाची गोळी, ती देण्याआधी काय कराल? — ‘छातीवर नळी लावून ठोके मोजीन, पूर्ण एक मिनिट.’ साठाच्या खाली आले तर? — ‘गोळी देणार नाही, सिस्टरना कळवीन.’ गोळी अंगात जास्त झाल्याच्या खुणा? — ‘भूक मरते, मळमळतं, नाडी मंदावते, दिव्याभोवती पिवळं कडं दिसतं.’ बघ, अजून पाठ आहे. ती पहिली आली. मी सगळ्यांना सांगत फिरलो की निम्मे गुण माझे आहेत.

तर मुद्दा असा, की मला सगळं माहीत आहे, तेव्हा तू — पाय? पाय कुठे हलतायत? मुंग्या आल्यात जरा. चादर हलते ती पंख्यानं. पंखा बंद आहे? … बरं, असेल बंद.

ठीक आहे, सांगतो, पण सिस्टरना सांगायचं नाही. सायकल चालवतो मी. चादरीखाली. तुमच्या ट्रॉलीचं डावं चाक कुरकुरतं — ते पाच नंबरपाशी आलं की मी पॅडल मारायला लागतो. तुम्ही येईपर्यंत नाडी बहात्तर, कधी शहात्तर. आज तू ट्रॉली आणलीच नाहीस, ट्रे हातात घेऊन मांजरीसारखी आलीस, म्हणून सुरुवातीला उशीर झाला. कशासाठी म्हणजे? उद्या अकराला मला घरी सोडणार आहेत. डॉक्टरांनी शब्द दिलाय — नाडी चांगली राहिली तर. आज चारला ही येणार, धुतलेले कपडे घेऊन. आता मी हिला काय सांगू, की नाडीनं घोटाळा केला?

पाच मिनिटं स्वस्थ पडू म्हणतेस? आणि मग मोजणार? फार हट्टी आहेस. पडतो. न्याहारी? नाही खाल्ली, चवच नव्हती तिला. कालची? कालचीही तशीच. स्वयंपाकी बदलला असेल तुमचा. आणि तो दिवा बदलायला सांग तेवढा, त्याच्याभोवती सगळं पिवळट — 

हे बघ, अशी बघू नकोस माझ्याकडे.

मी नुसतं दिव्याबद्दल बोललो. दिवे पिवळे असतात. आजपर्यंत हजारो मुलांना शिकवलं मी, की एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नाही — हो, तीन उदाहरणं झाली, मोजता येतं मला. घरी? घरी अगदी व्यवस्थित घेतो गोळी. ही दर रविवारी सात कप्प्यांची डबी भरून देते. पण तूच सांग, मंगळवारचा कप्पा रिकामा आहे, यावरून काय सिद्ध होतं? मी गोळी घेतली? की हिनं भरलीच नव्हती? रिकामा कप्पा हा पुरावा नव्हे! मग माणूस खात्रीसाठी एक घेतो. गोळ्यांची वेगळी पट्टी आणून ठेवलीय मी, हिला नकळत. एकदा घेतली — आणि पंधरा मिनिटांनी वाटलं, घेतली का मी? की घ्यायची ठरवली फक्त? तर अशी कधी दुसरी … रोज नाही गं. बेसिनपाशी घेरी येऊन पडलो आणि इथे आणलं, त्या दिवशी मात्र दोन झाल्या असतील. तीन नाही. नसाव्यात.

डॉक्टरांना नाही सांगितलं. त्यांना सांगितलं म्हणजे हिला सांगितलं. ही ओरडणार नाही, तेच तर वाईट आहे. हात पुढे करेल आणि म्हणेल, आणा ती डबी. मग रोज सकाळी ‘आ करा’. मी, ज्यानं तिच्याकडून डिजॉक्सिन घोटून घेतलं, तो रोज सकाळी आ करणार!

इथे? इथे कशाला घेईन, इथे तुम्ही देताच की. म्हणजे, काल चष्मेवालीनं दिली. दिली ना? की ते परवाचं? तेच आठवत होतो आज पहाटे आणि — नाही, ते चष्म्याचं घर आहे, त्यात चष्माच असतो. उघडू नकोस. अगं, कुणाच्या वस्तूला — 

… चार उरल्यात? मला वाटलं पाच असतील.

हो. पहाटे एक. कालही एक.

लाव नळी. नाही चालवत सायकल, हे बघ, पाय चादरीबाहेर काढले. आणि बोलतही नाही. मोज तू.

 

किती? … अठ्ठेचाळीस. पूर्ण मिनिट मोजलंस? हो, मोजलंस, घड्याळ मीही बघत होतो. कालच्या त्या मुलीला सांग — नको, रागावून नको सांगू. सात नंबरचा म्हातारा लबाड आहे एवढंच सांग, बाकी तिचं तिला कळेल.

म्हणजे गोळी नाही, आणि उद्या घरही नाही. बघ ना, तुला ही गोळी देऊन टाकणं किती सोपं होतं, मी तर तोंड उघडूनच बसलो होतो. जा, सिस्टरना बोलाव. चारला आमची ही आली की तुला एकच प्रश्न विचारेल, पूर्ण मिनिट मोजलंस का. हो म्हण. मग ती जन्मभर तुझ्या बाजूनं. पट्टीचं मात्र तू सांगू नकोस. ते मी सांगतो. मीच सांगायला हवं ना? … हो. मीच.

ते चष्म्याचं घर ने तुझ्याबरोबर, सिस्टरना दाखव. चष्मा राहू दे — नको, थांब. मी सांगेन तेव्हा हिचा चेहरा इतका स्पष्ट दिसायला नको. चष्मा पण ने.

जा आता.