शेवटचा हात बाकी आहे

रंगाच्या दुकानात रांग होती. मागच्या नवरा-बायकोची कुजबुज पुढच्या बाईंच्या कानावर पडत होती.

"अहो, ती झुलती खुर्ची आता देऊन टाकू. रंगवून झालीय कधीची."

"आणि आई? त्या खुर्चीत बसायला लागल्यापासून तिची कुरकुर बंद आहे."

"गिऱ्हाइकाची खुर्ची आहे ती!"

"धाकटाही तिच्या मांडीवर झुलत झोपतो. म्हणून तर दुपारी आपल्या हातून काम होतं. खुर्ची गेली की दोघं परत आपल्या डोक्यावर."

"त्या बाईंना किती थापा मारू? हवा दमट आहे, पॉलिश पेपर संपलाय... बरं झालं, खुर्ची टेम्पोवाल्याने आणली, बाईंनी आपलं तोंड पाहिलेलं नाही."

"रंगाचा शेवटचा हात बाकी आहे म्हण."

"तो तीनदा मारून झालाय!"

पुढच्या बाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि नंबर लावला. मागे फोन वाजला.

"अगंबाई, त्याच!"

"उचल. आवाज जरा दमल्यासारखा काढ."

"हॅलो, ताई? अहो, शेवटचा हात तेवढा..."

बाई मागे वळल्या.

"त्या खुर्चीच्या जोडीचं पाय ठेवायचं स्टूल आहे माझ्याकडे. तेही पाठवू का सासूबाईंकडे, रंगवायला?"